लिब्रेऑफिसचा सेफ मोड: काम चोख, पण शेवटचं बटण जपून

लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरातलं टायपिंगचं रायटर उघडतंय आणि लगेच बंद पडतंय, टूलबार गायब, मेनू अर्धवट, असं काही झालं की आपल्याकडे उपाय ठरलेला, अनइन्स्टॉल मारा नि परत टाका. लिब्रेऑफिसला यानं बहुतेक वेळा काडीचा फरक पडत नाही, कारण तुमची सेटिंग्ज प्रोग्रॅमसोबत नसतातच, विंडोजवर ती अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये लिब्रेऑफिस, मग ४, मग युजर या फोल्डरात असतात आणि प्रोग्रॅम काढला तरी तिथंच राहतात. (व्हर्जन २४ आलं, २५ आलं, तरी फोल्डर ४च, जुना समजून उडवू नका.) नवीन टाकलेलं सॉफ्टवेअर परत तीच बिघडलेली प्रोफाईल, म्हणजे हाच सेटिंग्जचा फोल्डर, उचलतं, मग काय उपयोग!

यासाठी २०१७ च्या ५.३ पासून सेफ मोड दिलाय आणि खरं सांगायचं तर फुकटच्या सॉफ्टवेअरात इतकी चांगली सोय बघून बरं वाटतं. हेल्प मेनूतून रीस्टार्ट इन सेफ मोड, आणि रायटर उघडतच नसेल तर विंडोजच्या स्टार्ट मेनूत सेफ मोडचा वेगळा शॉर्टकट असतो. आधी नुसतं कंटिन्यू करून बघायचं, तेव्हा ते तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाईलवर चालतं, तिथं सगळं सुरळीत असेल तर गडबड तुमच्या प्रोफाईलमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (वरून जोडलेल्या जादा सोयीत) आहे हे कळलं.

मग पर्याय वरून खाली या क्रमानं, आधी बॅकअपवरून रिस्टोअर, मग एक्स्टेन्शन आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (स्क्रीनवर दाखवायला घेतलेली ग्राफिक्स कार्डाची मदत) बंद, आणि अगदीच नाही जमलं तर फॅक्टरी सेटिंग. त्यातही दोन टिकमार्क आहेत, एक फक्त सेटिंग आणि मेनू-टूलबारमधले बदल काढतो, दुसरा अख्खी प्रोफाईल साफ करतो. माझी तक्रार इथंच आहे, दुसऱ्यानं नेमकं काय काय जाणार हे तिथं धड लिहिलेलं नाही. तुमच्या डॉक्युमेंट फायलींना धक्का लागत नाही, पण मराठीत टायपिंग करणाऱ्यानं वर्षानुवर्षं लाल रेघ आली की राइट क्लिक करून डिक्शनरीत घातलेले ‘फेरफार’, ‘गावठाण’, ‘खरेदीखत’ असले शब्द, ऑटोकरेक्ट, मॅक्रो (साठवून ठेवलेल्या आज्ञा), स्वतःचे टेम्प्लेट, सगळं स्वाहा. देवनागरीचा डीफॉल्ट फाँटसुद्धा परत लावत बसायचा.

म्हणून आधी त्याच खिडकीतलं आर्काइव्ह युजर प्रोफाईल दाबा, झिप तयार होते, किंवा सरळ युजर फोल्डरची कॉपी डेस्कटॉपवर ठेवा. रीसेट झाल्यावर सगळा फोल्डर परत टाकू नका नाहीतर आजारही परत येईल, लिब्रेऑफिस बंद करून कॉपीतल्या वर्डबुक फोल्डरमधली स्टँडर्ड डॉट डिक फाईल तेवढी जागेवर ठेवा, साधी टेक्स्ट फाईल आहे, नोटपॅडमध्येही उघडते. स्टँडर्ड डिक्शनरीत घातलेले तुमचे शब्द त्यातच असतात.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो त्या न सांगणाऱ्या टिकमार्कसाठी.