पांढऱ्या पाटीची गाडी

मालवणहून येताना गगनबावड्याला पावसानं गाठलं आणि कोल्हापुरात शिरायला रात्रीचे दहा वाजले. भाड्याची गाडी नऊला परत द्यायची होती. सेल्फ ड्राइव्ह, दोन दिवस, दिवसाला अडीच हजार. डिपॉझिट पाच हजार, वर माझं मूळ आधार कार्ड आणि माझी मोपेड गाडीमालकाच्या दारात उभी. सगळेच असं करतात म्हणाला, मीही मान डोलावली.

कावळा नाक्याजवळ अंधारात त्याचा पोरगा गाडी घ्यायला आला. गाडीभोवती फिरला नाही, दार उघडून आत बघितलं नाही. सरळ पुढं जाऊन गुडघ्यावर बसला आणि मोबाइलची बॅटरी बंपरच्या खाली धरली.

"दादा, कुठं घासलासा गाडी?"

वीतभर ओरखडा होता. पण एवढ्या गाडीत नेमकं तिथंच वाकायचं याला कसं सुचलं, हा प्रश्न मला घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर पडला. तेव्हा आई मागच्या सीटवर अवघडलेली, पोरं पेंगुळलेली. मालकाला फोन लागला, त्यानं फोनवरच हिशेब सांगितला: बंपरचं पेंटिंग साडेचार हजार, उशिराबद्दल अर्धा दिवस म्हणजे साडेबाराशे, पेट्रोल सहाशे, टोल तीनशे दहा, धुलाई तीनशे. सहा हजार नऊशे साठ. डिपॉझिट वजा जाता वर एकोणीसशे साठ द्या आणि मोपेड घेऊन जा. मी दिले नाहीत, मोपेडही मिळाली नाही. निघताना ओरखड्याचे दोन फोटो तेवढे काढले.

सकाळी ते मोठे करून बघितले. ओरखड्याच्या खाचेत पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. उद्यमनगरात ओळखीचा पेंटर आहे, त्यानं बघताक्षणी सांगितलं, "पॉलिशचं मेण हाय ते. ओरखडा आधीचा, पॉलिश मागनं मारल्यालं." आणि असल्या कामाचे दीड-दोन हजारांच्या वर कोण घेत नाही, हेही.

मग टोल. मालवणच्या वाटेवर किणीचा टोलनाका येतच नाही, तो पुण्याच्या रस्त्याला. मी मालकाला म्हटलं, फास्टॅगचे मेसेज दाखवा. बराच वेळ टाळून त्यानं स्क्रीनशॉट पाठवला, त्यात किणी आणि तासवडे, आणि तारीख शुक्रवारची. गाडी माझ्या ताब्यात आली शनिवारी सकाळी. आधीच्या गिऱ्हाइकाचा टोल माझ्या डोक्यावर!

उशीर माझाच होता आणि पेट्रोलचा काटाही एक घर खाली होता, ते मी कबूल केलं. बाकीच्याचं पक्कं बिल सहीनिशी मागितलं. बिल म्हटल्यावर आवाज खाली आला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावतो म्हटल्यावर "बसून मिटवू की" सुरू झालं. शेवटी दोन हजार कापून तीन हजार परत आले, आधार आणि मोपेडही. पोलिसात का गेला नाहीस, असं मेव्हण्यानं विचारलं. खरं सांगायचं तर मलाच धाकधूक होती.

कारण गाडी पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खाजगी होती. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याच्या परवान्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. खाजगी गाडी भाड्यानं फिरवणं बेकायदा, आणि घाटात काही झालं असतं तर विमा कंपनीनं दावा नाकारायला तेवढं एक कारण पुरलं असतं. दिवसाला पाचशे स्वस्त पडते म्हणून आम्ही असली गाडी घेतो, आणि गिऱ्हाईक तक्रारीला बिचकतं हे या लोकांना पाठ असतं. मूळ आधार देणं हा तर माझा निव्वळ गाढवपणा.

परवा पाहुण्यांच्या लग्नाला बेळगावला जायचं होतं. काळी पाटी बघूनच गाडी ठरवली. भर उन्हात, मालकासमोर, चारी बाजूंचा व्हिडिओ घेतला, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा एका फ्रेममध्ये घेतला, आणि मग रस्त्यावर चक्क आडवा होऊन बंपरखाली मोबाइल घातला. तिथला पोरगा हसायला लागला.

"साहेब, काय पडलं काय खाली?"

"पाच हजार," म्हटलं आणि दुसऱ्या बाजूला सरकलो.