सेवियात सेमाना सांता पाहावी की फेरिया?

स्पेनमधल्या सेविया शहरात वसंतात दोन मोठे उत्सव होतात आणि दोन्हींमध्ये साधारण दोनच आठवड्यांचं अंतर असतं. दोन्हींसाठी थांबण्याइतकी रजा फार थोड्यांना मिळते. एकच निवडायचा असेल, तर माझा कौल सेमाना सांताला, म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाला.

हा उत्सव रस्त्यावरचा आहे, तिथे ओळखीपाळखीची गरज नाही. पन्नासहून अधिक 'एर्मांदाद', म्हणजे धार्मिक बंधुमंडळं, आपापल्या चर्चमधून येशूच्या आणि मेरीच्या मूर्ती मिरवत कॅथेड्रलपर्यंत नेतात. मूर्तीचा अवजड 'पासो', म्हणजे मिरवणुकीचा चौथरा, मानेवर पेलणारे कोस्तालेरो पडद्याआड असतात; आपल्याला दिसतात ती फक्त पावलं. म्होरक्या समोरचा धातूचा ठोकळा आपटतो, आणि त्या ठोक्यासरशी अख्खा पासो एका झटक्यात वर उठतो. मेणबत्त्या थरथरतात, गर्दीचा श्वास अडकतो. लहान मुलं मिरवणुकीतल्यांकडून वितळलेलं मेण मागून त्याचे गोळे वाढवत बसतात. मिरवणुकीतल्यांच्या टोकदार टोप्या पाहून दचकू नका. ती प्रायश्चित्ताची खूण आहे, अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेपेक्षा कितीतरी जुनी.

गुरुवारची रात्र, 'मद्रुगा', जागून काढाच. हुआन दे मेसाने 1620 मध्ये घडवलेला ग्रान पोदेर, म्हणजे येशूची मूर्ती, येतो तेव्हा गल्ली चिडीचूप होते. त्याच रात्री माकारेना, म्हणजे मेरीची मूर्ती, येते तेव्हा लोक 'ग्वापा!', म्हणजे 'सुंदरी!', असं ओरडतात. एकच धोका आहे, पावसाचा. जुन्या मूर्ती भिजू नयेत म्हणून मिरवणुका रद्द होतात. 2024 मध्ये मद्रुगाची एकही निघाली नाही.

फेरिया दे आब्रिलला मात्र ओळखीपाळखी लागते. 1847 मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झालेली ही जत्रा 1973 पासून लॉस रेमेदियोस भागात भरते. दुपारी घोडागाड्या, झालरींचे ठिपकेदार झगे, सेवियानास नाच, शेरी वाइनमध्ये लिंबाचा सोडा घातलेलं रेबुहितो: डोळ्यांना मेजवानीच. पण हजारभर मांडवांपैकी, म्हणजे 'कासेतां'पैकी, बहुतेक खासगी असतात. आमंत्रण नसेल तर दारातूनच गाणं ऐकायचं. सार्वजनिक कासेता मोजक्याच, आणि तिथे खूप गर्दी. सोबत मुलं असतील तर पाळण्यांचा भाग मात्र सगळ्यांना खुला आहे.

सेवियात कुणी ओळखीचं असेल आणि त्यांची कासेता असेल, तर माझा कौल बाजूला ठेवा आणि फेरियाच्या दिवसांचंच तिकीट काढा.