फॅट ट्री, टोरस की ड्रॅगनफ्लाय? क्लस्टर घेण्याआधी

क्लस्टरच्या, म्हणजे जोडून एकत्र काम करणाऱ्या अनेक संगणकांच्या, कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि मेमरीवर पानंच्या पानं असतात. नोड, म्हणजे त्यातले संगणक, एकमेकांना कसे जोडणार, हे एका ओळीत उरकलेलं असतं. पैसे वसूल होणार की नाही, हे बरेचदा तीच ओळ ठरवते. ३६ पोर्टच्या, म्हणजे ३६ केबल घेणाऱ्या, एका स्विचवर भागत असेल तर प्रश्नच नाही. खरी निवड त्यापुढे.

फॅट ट्री, म्हणजे झाडासारखी थराथरांत स्विच लावण्याची रचना, चार्ल्स लायझरसन यांनी १९८५ मध्ये मांडली. ३६ पोर्टचे ५४ स्विच दोन थरांत लावले की ६४८ नोड जोडता येतात, आणि निम्मे नोड उरलेल्या निम्म्यांशी एकाच वेळी पूर्ण वेगाने बोलू शकतील एवढी क्षमता मिळते. खर्च स्विच आणि केबलचा. तो कमी करायचा तर प्रत्येक खालच्या स्विचला २४ नोड आणि वरच्या थराकडे फक्त १२ केबल, म्हणजे २:१ जोडणी.

टोरस म्हणजे टोकं पुन्हा सुरुवातीला जोडलेली जाळी; त्यात वेगळे स्विच लागत नाहीत. त्रिमितीय टोरसमध्ये प्रत्येक नोड सहा शेजाऱ्यांना थेट जोडलेला असतो. ८×८×८ म्हणजे ५१२ नोड. सर्वात लांबचा नोड १२ टप्प्यांवर. मात्र जाळं मधोमध कापलं तर जेमतेम १२८ केबल तुटतात. तेवढ्याच नोडच्या पूर्ण फॅट ट्रीत २५६. प्रोग्राम फक्त शेजाऱ्यांशी बोलणारा असेल तर टोरस झकास. आयबीएमचं ब्लू जीन/एल हे महासंगणक-यंत्र त्यावरच उभं होतं, जपानचं फुगाकू त्याच्याच सहा मितींच्या रूपावर आहे. पण ही यंत्रं मुद्दाम घडवलेली. विभागाच्या खरेदीत ही चैन परवडत नाही.

‘आमचं काम हवामानाचं, म्हणजे शेजाऱ्यांपुरतंच’ हा युक्तिवाद तपासून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत वापरलेलं जीएफएस हे हवामान मॉडेल स्पेक्ट्रल पद्धतीचं, म्हणजे सगळं वातावरण लहरींच्या बेरजेत मांडणारं, आहे. त्यात गणिताच्या दर पावलाला डेटाची सर्वदूर अदलाबदल होते, शेजार वगैरे काही उरत नाही.

तिथल्या ‘प्रत्युष’ महासंगणकाचं, म्हणजे क्रे एक्ससी४०चं, जाळं ड्रॅगनफ्लाय होतं. २००८ मध्ये मांडलेल्या या रचनेत नोडचे गट असतात. गटाच्या आत दाट जोडणी, आणि दोन गटांमध्ये लांबचा टप्पा एकच. महागड्या ऑप्टिकल केबल वाचतात. दोनच गटांत गर्दी झाली की तो दुवा तुंबतो, म्हणून वाहतूक तिसऱ्या गटातून वळवणारं राउटिंग हवंच. हजारो नोडसाठी उत्तम, दोन-तीनशेंसाठी उगाच.

त्यामुळे अनेक विभागांचे सरमिसळ जॉब चालणार असतील तर फॅट ट्रीच घ्या. मोठ्या एफएफटीचं (स्पेक्ट्रल पद्धतीतलं, सर्वदूर अदलाबदल मागणारं गणित) काम नसेल तर २:१ चालेल, वाचलेले पैसे मेमरीत घाला. ऑर्डरआधी विक्रेत्याला तुमचाच कोड २:१ जोडणीवर दोनदा चालवायला सांगा: २४ नोड एकाच स्विचखाली, मग तितकेच नोड चार स्विचवर विखुरलेले, आणि दोन्ही वेळा बाकीच्या नोडवर दुसरे जॉब चालू. वेळेत मोठा फरक पडला तर मात्र वरच्या केबलमध्ये काटकसर नको.