गॅसवरचं हँडलवालं पॉपकॉर्नचं भांडं: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते. घ्यावं का? घ्यावं. मात्र हँडल आहे म्हणून नको, झाकणाला वाफ जायला भोकं आहेत म्हणून घ्या. जाहिरातीत सगळा भर हँडलवर असतो. वरून फिरवलं की तळाशी तार फिरते आणि दाणे ढवळले जातात, हे दिसायला छान आहेच. पण कुरकुरीत लाही मिळते ती त्या भोकांमुळे, हे मला वापरता वापरता पटत गेलं.

मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं आणि साल इतकी घट्ट असते की तापल्यावर वाफेला वाट मिळत नाही. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो, साल फाटते आणि मऊ झालेला स्टार्च फेसासारखा फुगून जागच्या जागी घट्ट होतो. म्हणजे प्रत्येक दाणा फुटताना थोडी वाफ भांड्यात सोडतोच. साध्या पातेल्यावर गच्च झाकण ठेवलं तर ती वाफ परत लाह्यांतच मुरते आणि लाही दाताखाली चिवट लागते. दाणे जोरात तडतडत असताना या भांड्याच्या भोकांवर स्टीलचा कोरडा चमचा धरून बघा, क्षणात थेंब जमतात. तेवढं पाणी एरवी लाह्यांत गेलं असतं.

आता हँडल. सुरुवातीला त्याचा उपयोग नक्की होतो, कारण तेल कमी असलं तरी दाणे एका जागी बसून करपत नाहीत. पण भांडं अर्धं भरलं की ते जड होतं. तेव्हा जोर लावू नका, तार वाकते. आमची थोडी वाकलीच. शिवाय तार आणि भांड्याची कड यांच्यात बारीक फट राहते, तिथले दाणे ढवळलेच जात नाहीत. त्यासाठी मधूनच भांडं उचलून एक हिसका द्यावा लागतो.

माझी पद्धत आता पक्की झाली आहे. मध्यम आचेवर तेल तापवायचं, त्यात तीन दाणे टाकायचे. ते फुटले की भांडं आचेवरून उतरवायचं, बाकीचे दाणे घालून हँडल फिरवत अर्धा मिनिट थांबायचं आणि मग परत गॅसवर ठेवायचं. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे बरोबरीनं तापतात आणि पुढे जवळजवळ एकदमच फुटतात. दोन आवाजांत दोनेक सेकंदांचं अंतर पडलं की लगेच परातीत ओतायचं. शेवटच्या चार दाण्यांसाठी थांबलात तर खालच्या लाह्या काळ्या होतात.

न फुटलेले गणंग फार राहतात अशी तक्रार या भांड्याबद्दल बऱ्याचदा ऐकू येते. इथे मी भांड्याची बाजू घेईन. पुडा उघडा राहिला की दाणे सुकतात, आतलं पाणी कमी झालं की दाबच तयार होत नाही. दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, फ्रिजमध्ये नको, तिथली हवा कोरडी असते. सुकलेले दाणेही सुधारतात. लिटरभराची बरणी पाऊण भरून त्यात एक मोठा चमचा पाणी घाला, पाणी शोषलं जाईपर्यंत मधूनमधून हलवा आणि दोन-तीन दिवस तशीच बंद ठेवा. फरक इतका स्पष्ट दिसतो की आता पुडा आणला की तो आधी बरणीत रिकामा होतो.

दाणा घेताना आकारही बघा. एक जात फुलपाखरासारखी पसरट फुटते, दुसरी गोल, अळंबीसारखी. नुसतं मीठ लावून खायचं असेल तर पहिलीच घ्या, तिच्या खाचांत मीठ धरून राहतं. कॅरमल लावायचं असेल तर गोल जात बरी, ती ढवळताना मोडत नाही. मीठ मात्र मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून घ्या, जाडं मीठ सगळं तळाला जातं. लोणी आवडत असेल तर कढवून घाला. कच्च्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि ते पडलं की लाही तिथल्या तिथे बसते.

गरम हवेवर चालणारं यंत्रही मी वापरलं आहे. तेल लागत नाही, काम झटपट होतं, पण त्या लाह्यांना मीठ चिकटत नाही आणि हलके, न फुटलेले दाणेसुद्धा उडून वाडग्यात येतात. तेलात फुटलेल्या लाहीची चव वेगळीच. चार्ल्स क्रेटर्स यांनी १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वाफेवर चालणारं यंत्र मांडलं, तेही तेलात दाणे फोडणारंच होतं. चव सगळ्या दाण्यांना सारखी लागावी हा त्यातला मोठा फायदा, आणि तो या छोट्या भांड्यातही मिळतो.

खटकणाऱ्या गोष्टी साफसफाईच्या. झाकणातले दातेरी चाकं असलेला भाग पाण्यात बुडवता येत नाही, पाणी आत शिरलं की हँडल करकरतं. ओल्या फडक्यानं पुसून झाकण उलटं वाळत ठेवावं लागतं. कडेला तेलाचा पिवळा चिकट थर धरतो, तो त्याच दिवशी धुतला तर निघतो, साचला की खाण्याचा सोडा चोळत बसावं लागतं. हँडलचा स्क्रू ढिला होत राहतो. झाकणाची एक क्लिप निघाली तेव्हा विकणाऱ्यांकडे सुटी क्लिप मागितली, तर अख्खं झाकण घ्या म्हणाले, हे मला अजिबात आवडलं नाही. घेण्याआधी सुटे भाग मिळतात का ते विचाराच.

आणखी एक, भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालणार नाही. तळाला चुंबक चिकटतो का ते बघून घ्या. मोठ्या मापाचा मोहही नको. दाण्यांचा एकच थर तळाला बसेल एवढेच घालायचे असतात, जास्त माणसं असली तर दोन घाणे काढा. दुसरा घाणा तर पहिल्यापेक्षा लवकर होतो, भांडं तापलेलंच असतं.