सात महिन्यांच्या वापरानंतर: वेग मी निवडतो, ठरवतो मात्र ड्राइव्ह

गेले सात महिने मी यूएसबीवर चालणारा एक बाह्य डीव्हीडी रायटर वापरत आहे. त्याचा आकार, आवाज किंवा वाचनाचा वेग यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार एकाच गोष्टीची आहे, आणि ती कोणाला क्षुल्लक वाटली तरी तिच्यापायी मी एक ड्राइव्ह बदलून घेतला आहे: रीरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर लिहिताना मी जो वेग निवडतो, तो हा ड्राइव्ह पाळत नाही.

मी रीरायटेबल डिस्क वापरतो त्याचे कारण निव्वळ काटकसर हे आहे. गाण्यांचा क्रम चुकला म्हणून एकदाच लिहिता येणारी डिस्क कचऱ्यात टाकणे माझ्याच्याने होत नाही. सीडी-आरडब्ल्यू मात्र पुसून हजारेक वेळा लिहिता येते असे म्हणतात, आणि तो आकडा गाठण्याची माझी तयारी आहे. माझ्याकडचा जुना म्युझिक प्लेयर या डिस्क वाजवत असे, पण शेवटच्या काही गाण्यांवर अडखळत असे. डिस्क सावकाश बर्न केली की नीट वाजते, हे आपण सगळेच वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, म्हणून मी सॉफ्टवेअरच्या यादीतून ४ एक्स, म्हणजे गाणी वाजण्याच्या वेगाच्या चौपट वेग, निवडले. ८० मिनिटांची सीडी ४ एक्सने लिहायला २० मिनिटे लागायला हवीत. मी घड्याळ लावून बसलो, तर नऊ मिनिटे व्हायच्या आत ट्रे बाहेर आला. डिस्क पुसून पुन्हा लिहिली, पोर्ट बदलला, सॉफ्टवेअर बदलले, तरी वेळ तीच. शेवटी सॉफ्टवेअरने ठेवलेली कामाची नोंद, म्हणजे लॉग, उघडला, तेव्हा त्यात सरळ लिहिलेले होते: मागितलेला वेग ४, प्रत्यक्ष वेग १०.

सर्व्हिस सेंटरने आधी डिस्कला दोष दिला, मग केबलला, आणि तीन फेऱ्यांनंतर ड्राइव्ह बदलून दिला. नवा ड्राइव्हही दहानेच लिहू लागला. पुन्हा फोन केल्यावर पलीकडून उत्तर आले, “साहेब, काम लवकर होतंय ना? मग अडचण काय आहे?” त्या उत्तराचा राग मला अजून आहे, पण दोष ड्राइव्हचा नव्हता, एवढे आता मान्य करावे लागते.

माझे मत बदलले ते डिस्कवरच्या बारीक अक्षरांमुळे. तिच्यावर ‘अल्ट्रा स्पीड’ असे छापलेले होते, आणि या वर्गातल्या डिस्कची वेगमर्यादा सुरूच ८ एक्सपासून होते. सीडी-आरडब्ल्यूचे असे वर्गच आहेत: अगदी जुन्या १ ते ४ एक्सच्या, नंतरच्या ‘हाय स्पीड’ ४ ते १० किंवा १२ एक्सच्या, आणि ८ ते २४ एक्सच्या ‘अल्ट्रा स्पीड’. प्रत्येक डिस्कच्या खाचेला कारखान्यातच एक सूक्ष्म नागमोडी वळण दिलेले असते. त्यात डिस्कची ओळख आणि तिची वेगमर्यादा नोंदलेली असते, आणि ड्राइव्ह लिहिण्याआधी ती वाचतो. या नोंदीला एटिप म्हणतात.

कमाल मर्यादा कोणालाही समजते. किमान मर्यादा का असावी, हे मला कळत नव्हते. या डिस्कमधला थर सहसा चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा असतो. लिहिताना लेसर त्यातला एक ठिपका वितळवतो, आणि तो इतक्या झटकन थिजावा लागतो की अणूंना रांगेत बसायला सवडच मिळू नये. असा विस्कळीत ठिपका प्रकाश कमी परावर्तित करतो. पुसताना तोच थर सुमारे २०० अंशांपर्यंत तापवला जातो, म्हणजे अणू पुन्हा स्फटिकात बसतात. वेगवान डिस्कचा मिश्रधातू फार लवकर स्फटिक होणारा असतो, कारण तिला क्षणार्धात पुसले जायचे असते. ती सावकाश फिरवली तर वितळलेला ठिपका शेजारच्या उष्णतेमुळे रेंगाळत थंड होतो, कडांकडून स्फटिक होऊ लागतो, आणि लिहिलेली खूण आक्रसते. म्हणजे मी ज्याला काळजीपूर्वक लिहिणे समजत होतो, त्याने त्या डिस्कवर खुणा उलट बिघडल्या असत्या. जुन्या १ ते ४ एक्सच्या डिस्कवर मी मुद्दाम १० एक्स निवडून पाहिले, तर तेथे ड्राइव्हने निमूटपणे ४ ने लिहिले.

येथे प्रकरण मिटले असते, पण मग मी डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू घातली. डिस्क ४ एक्सची, आणि खोक्यावर २.४ एक्सचाही स्पष्ट उल्लेख. २.४ निवडले तर ४.७ जीबी लिहायला साडेतेवीस मिनिटांच्या आसपास लागायला हवीत. प्रत्येक वेळी चौदा-पंधरा मिनिटांतच काम उरकले. डिस्क आत असताना ड्राइव्हला त्याची वेगयादी विचारली, तेव्हा तीत एकच आकडा निघाला: ४. डिस्कला चालणारा वेग या ड्राइव्हच्या फर्मवेअरने, म्हणजे त्याच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरने, यादीत ठेवलेलाच नव्हता.

म्हणून माझा अर्धा राग अजून शिल्लक आहे, आणि तो सॉफ्टवेअरवर आहे. संगणकाकडून ड्राइव्हला जाणारी वेगाची आज्ञा ही मुळात विनंती असते. ड्राइव्ह आपल्या यादीतला सोयीचा आकडा घेतो आणि बहुधा त्रुटीचा संदेशही देत नाही. पण ती यादी सॉफ्टवेअरला विचारता येते. ती न विचारता सरसकट सगळे आकडे दाखवणे म्हणजे स्वयंपाकघरात नसलेले पदार्थ पाटीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. मी वापरलेल्या दोन कार्यक्रमांपैकी एकच डिस्क घातल्यावर यादी बदलतो. आता मी तोच वापरतो, आणि प्रत्येक डिस्कच्या खोक्यावर तिचा खरा वेग पेनने लिहून ठेवतो.

राहिला म्युझिक प्लेयर. जुन्या डिस्कवर खऱ्याखुऱ्या ४ एक्सने लिहिलेली गाणीही तो त्याच ठिकाणी अडखळत वाजवतो. सीडी-आरडब्ल्यू प्रकाशाचा फार तर चौथा हिस्सा परत पाठवते, छापील सीडी मात्र दोन तृतीयांशाहून अधिक. प्लेयरच्या म्हाताऱ्या लेन्सला तेवढा उजेड पुरत नसावा. अखेर मन घट्ट करून एकदाच लिहिता येणारी डिस्क घेतली आणि २४ एक्सने लिहिली. ती शेवटपर्यंत सुरळीत वाजते. सातवे आणि आठवे गाणे तेवढे उलटसुलट पडले आहे.