नाताळसाठी क्रोशाची सजावट: एका तयार संचाचे परीक्षण

नाताळच्या झाडावर टांगायच्या वस्तू घरी क्रोशाने विणता याव्यात, यासाठी लागणारे सर्व साहित्य एकाच खोक्यात देणारे संच आता ऑनलाइन सहज मिळतात. त्यांपैकी साधारण नऊशे रुपयांचा एक संच मी मागवला, त्यातील सर्व नमुने विणून झाडावर लावले आणि पुढच्या नाताळापर्यंत सांभाळून ठेवून पुन्हा बाहेर काढले. विक्रेता एक लहान गृहउद्योग आहे. त्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या बहुतेक संचांना लागू पडते. माझे मत आधीच नोंदवते: दोरा उत्कृष्ट आहे आणि बरेचसे नमुने विचारपूर्वक निवडलेले आहेत, परंतु विणून झाल्यानंतर त्या वस्तूला आकार आणि ताठपणा देण्याचे जे काम असते, त्याकडे संचाने जवळजवळ दुर्लक्ष केले आहे. क्रोशाची सजावट वर्षानुवर्षे टिकणार की नाही हे मात्र नेमके त्याच कामावर ठरते.

खोक्यात पांढऱ्या, लाल आणि हिरव्या सुती दोऱ्याचे गुंडे, सोनेरी जरीच्या धाग्याचे एक छोटे रीळ, पोलादी क्रोशाची १.२५ मिमीची सुई, भरावासाठी थोडा कृत्रिम कापूस, थर्माकोलचे चार गोळे आणि नमुन्यांची पुस्तिका एवढे साहित्य आहे. नमुने बारा आहेत: चार हिमकण, दोन घंटा, एक देवदूत, एक पाच टोकांचा तारा, एक छोटा मोजा, एक हिरवी माळ आणि गोळ्यांवर चढवायची दोन जाळीदार आवरणे.

दोऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण संचाच्या किमतीचे समर्थन तोच करतो. हा १० नंबरचा मर्सराइज्ड सुती दोरा आहे. कापसाचा दोरा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढला की तो अधिक मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो, हे इंग्लंडमधील जॉन मर्सर याने १८४४ च्या सुमारास शोधले. तीच प्रक्रिया दोरा ताणून धरून केली तर त्याला रेशमासारखी चकाकी येते, ही सुधारणा होरेस लो याने १८९० मध्ये केली. झाडावर दिव्यांच्या उजेडात पांढरा हिमकण उठून दिसतो तो या चकाकीमुळेच. हेच नमुने साध्या सुती दोऱ्याने विणले तर टाके बोथट दिसतात, आणि ॲक्रिलिक लोकरीने विणले तर ताठ करताना ती द्रावण नीट शोषून घेत नाही, त्यामुळे टोके पुन्हा मिटतात. संचातला दोरा सुईच्या टोकाशी फुटत नाही, उसवून पुन्हा विणला तरी त्याला लव येत नाही, आणि लाल रंग कोमट पाण्यात अजिबात सुटत नाही. शेवटची गोष्ट मी मुद्दाम तपासली, कारण पांढरा आणि लाल एकाच वस्तूत वापरायचे असतील तर तिच्यावर सगळे अवलंबून असते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक हे नव्याने शिकणाऱ्यांना माहीत नसते. पुस्तिकेत ते सांगायला हवे होते, म्हणजे अधिक नाजूक काम हवे असणाऱ्याला २० किंवा ४० नंबर स्वतः आणून वापरता आला असता.

सुई ठीक आहे. तिच्या आकड्याची धार गुळगुळीत आहे, पण दांडा अगदी बारीक असल्यामुळे तासभर विणल्यावर बोटे आखडतात. रबरी मुठीची सुई घरी असेल तर तीच वापरावी.

नमुन्यांमध्ये हिमकण सर्वांत सरस आहेत. सहा साखळ्यांच्या वर्तुळातून सुरुवात, त्यावर खांबांची (सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांची) पहिली फेरी, मग साखळ्यांच्या कमानी आणि शेवटी पिको (साखळीचे छोटे टोकदार फास) घातलेली सहा टोके, अशी त्यांची रचना आहे. चारही नमुने पहिल्या दोन फेऱ्यांपर्यंत जवळजवळ सारखे असल्याने एक जमला की बाकीचे हातात बसतात. शिकवण्याच्या दृष्टीने ही निवड फार चांगली आहे. मात्र चौथ्या नमुन्याला आठ टोके आहेत, आणि ते मला खटकले. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात, म्हणून बर्फाच्या कणाला सहा बाजू किंवा सहा फांद्या येतात. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातील जेरिको येथे विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिला हिमकण टिपला आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. ती पाहिलेल्या कोणालाही आठ टोकांची आकृती तारा वाटेल, फूल वाटेल, पण हिमकण वाटणार नाही. नमुना सुंदर आहे, त्याला तारा म्हणावे, एवढीच सूचना.

पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. तिची खरी अडचण भाषेची नाही, टाक्यांच्या नावांची आहे. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. आपल्याकडे मिशनच्या शाळांमध्ये किंवा जुन्या पुस्तकांवरून शिकलेल्या अनेक जणी ब्रिटिश नावे वापरतात, तर इंटरनेटवरून शिकणाऱ्या मुली अमेरिकन. पुस्तिकेतली नावे अमेरिकन आहेत, पण तसे कुठेच छापलेले नाही. परिणामी जुन्या पद्धतीची सवय असलेल्या बाईने ‘डबल’ वाचून खांबाच्या जागी मुका खांब, म्हणजे त्याहून बुटका टाका, घातला तर हिमकण आक्रसून वाटीसारखा वर वळतो आणि तिला वाटते की हात घट्ट चालला. सुदैवाने प्रत्येक नमुन्यासोबत चिन्हांची आकृतीही दिली आहे. त्यात साखळी लंबगोलाने, मुका खांब फुलीने आणि खांब दांड्यावर तिरकी रेघ असलेल्या टी अक्षराने दाखवला जातो, आणि ही चिन्हे बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की मजकूर बाजूला ठेवून आकृतीवरूनच विणावे. साखळी, मुका खांब, खांब एवढे शब्द असलेले मराठीतले एक पान विक्रेत्याने जोडले, तर वसई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा ठिकाणच्या कितीतरी घरांत हा संच अधिक आनंदाने वापरला जाईल.

घंटा आणि देवदूत यांचे विणकाम सोपे आहे. देवदूताचा झगा अननसाच्या नक्षीचा असून त्याचा घेर मोकळा पडतो. तारा आणि माळ यांबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. मोजा मात्र इतका लहान आहे की त्यात लवंगही मावणार नाही, तो किमान दुप्पट मोठा विणावा.

थर्माकोलच्या गोळ्यांविषयी माझी हरकत अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, गणपतीच्या मखरांपासून सर्वांनी ते बदल स्वीकारले, आणि तरीही हाताने विणलेल्या सुती वस्तूच्या पोटात तेच घालायचे, हे मनाला पटत नाही. त्याची गरजही नाही. जाळीदार आवरण विणून ते द्रावणात भिजवावे, आत छोटा फुगा घालून हव्या त्या आकाराइतका फुगवावा, एक रात्र टांगून वाळू द्यावे आणि मग फुगा फोडून वरच्या छिद्रातून काढून घ्यावा. आत पोकळी असलेला गोळा उरतो, त्यातून दिव्यांचा प्रकाश आरपार जातो, आणि थर्माकोलवर ताणून बसवलेल्या आवरणापेक्षा तो कितीतरी देखणा दिसतो.

आता मुख्य मुद्दा. सुईवरून नुकताच उतरलेला हिमकण मऊ आणि चुरगळलेला असतो; त्याची टोके कुठेही वळतात, आणि पाहणाऱ्याला त्यात हिमकण दिसणे कठीण असते. तो ओला करून, टाचण्यांनी ताणून, ताठ करून वाळवल्यावरच त्याचा आकार प्रकट होतो. पुस्तिकेने या सगळ्या कामाला तीन ओळी दिल्या आहेत आणि त्यांत साखरेच्या पाकात बुडवून वाळवावे, असे सांगितले आहे. ही युरोप-अमेरिकेतली जुनी घरगुती रीत आहे आणि कोरड्या, थंड घरांत ती चालतेही. आपल्या किनारपट्टीवर ती चालणार नाही. झाडावरची सजावट डिसेंबरच्या मध्यापासून तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, जेमतेम तीन आठवडे बाहेर असते. उरलेला सगळा काळ ती माळ्यावरच्या किंवा कपाटातल्या डब्यात असते, आणि त्यातले चार महिने पावसाळ्याचे असतात. दमट हवेत साखर पाणी ओढून घेते, वस्तू चिकट होतात, एकमेकींना चिकटतात, पिवळ्या पडतात आणि मुंग्यांना आमंत्रण मिळते.

दुसरा पर्याय आपल्या घरांतलाच आहे. सुती साडीला घालतात ती साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळ. तिने येणारा ताठपणा सुंदर असतो, रंग शुभ्र राहतो, आणि ज्यांना दरवर्षी वस्तू धुऊन नव्याने खळ घालण्याचा कंटाळा नाही त्यांनी तीच वापरावी असे मी म्हणेन. मात्र खळ घातलेल्या वस्तू पावसाळाभर तशाच ठेवल्या तर त्यांना बुरशी लागते आणि कसर येते, म्हणून नाताळ संपताच त्या धुऊन, खळ पूर्ण काढून, मऊ अवस्थेतच ठेवाव्या लागतात. ज्यांना एकदाच करून मोकळे व्हायचे आहे त्यांच्यासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक आणि पाणी समप्रमाणात मिसळून केलेले द्रावण सर्वांत भरवशाचे आहे. ते वाळल्यावर पारदर्शक होते आणि त्यावर मुंग्या येत नाहीत. मी तसेच केलेले हिमकण पावसाळा काढून पुढच्या नाताळला सपाट आणि टोकदार बाहेर आले. पाण्याचे प्रमाण वाढवले तर ताठपणा कमी होतो. देवदूताच्या झग्याला थोडे पातळ द्रावण बरे, हिमकणांना मात्र घट्टच हवे.

ताणून लावण्यासाठी कागदावर एक षटकोन काढावा, मध्यबिंदूतून साठ साठ अंशांवर रेषा ओढाव्यात, हा कागद जाड पुठ्ठ्यावर ठेवून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट लावावा आणि भिजवून हलके पिळलेला हिमकण त्यावर रेषांप्रमाणे टाचावा. आधी मध्य, मग समोरासमोरची टोके, मग कमानी, असा क्रम ठेवला तर सहाही बाजू सारख्या येतात. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. साध्या टाचण्या ओल्या दोऱ्यात एका रात्रीत गंजतात आणि पांढऱ्या टोकावर पडलेला तांबूस डाग पुढे सहजासहजी जात नाही. संचात टाचण्या नाहीत, आखलेला कागद नाही, द्रावणाची कृतीही योग्य नाही. नऊशे रुपयांत थर्माकोलच्या चार गोळ्यांऐवजी ५० टाचण्या आणि छापील षटकोनाचा एक पुठ्ठा सहज देता आला असता, आणि तेवढ्याने हा संच नवशिक्यांसाठीही परिपूर्ण झाला असता.

झाडावर मात्र या वस्तू फार शोभतात. एका हिमकणाचे वजन दोन-तीन ग्रॅमच्या वर नसते. वसईकडे किंवा गोव्यात अजूनही काही घरांत सुरूची फांदी कुंडीत रोवून झाड उभे करतात. तिच्या लवचीक डहाळ्या काचेच्या गोळ्यांनी वाकतात, पण क्रोशाच्या वस्तू त्या सहज पेलतात. प्लॅस्टिकच्या झाडावर पांढरा दोरा हिरव्यावर उठून दिसतो, आणि लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरात पडून फुटण्याची भीती उरत नाही. टांगण्यासाठी पुस्तिकेत साखळीचाच फास विणायला सांगितले आहे. तो लोंबतो आणि वस्तू तिरकी फिरते. त्याऐवजी नायलॉनचा बारीक पारदर्शक धागा दोन शेजारच्या टोकांतून ओवला तर हिमकण समोर तोंड करून स्थिर राहतो. दिवे एलईडीचेच असावेत. जुने तापणारे बल्ब सुती दोऱ्याला टेकणे धोक्याचे आहे.

बाजारात तयार क्रोशाची सजावट कधी कधी अगदी स्वस्त मिळते, मग संच कशाला, असा प्रश्न मला विचारला गेला. क्रोशाची खरी वीण यंत्रावर होत नाही. आकडा हातानेच फिरवावा लागतो. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात हजारो स्त्रिया हे काम घरी बसून करतात आणि तिथल्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. स्वतः एक हिमकण पूर्ण करून, ताणून, वाळवून पाहिलेल्या व्यक्तीला तयार वस्तूची किंमत पाहताना त्यामागच्या श्रमांचा हिशेब आपोआप मांडता येतो, आणि तयार वस्तू घ्यायचीच असेल तर ती अशा कामाला योग्य मोल देणाऱ्याकडून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

ज्यांना साखळी आणि खांब येतात त्यांनी हा संच निःशंकपणे घ्यावा. अगदी नवीन शिकणाऱ्यांनी शेजारी एखादी जाणकार असेल तरच घ्यावा, आणि डिंक व टाचण्या वेगळ्या आणून ठेवाव्यात. पांढरा दोरा बारा नमुन्यांना जेमतेम पुरतो. हिमकण अधिक विणायचे असतील तर एक जादा पांढरा गुंडा संचासोबतच मागवावा, कारण नंतर आलेल्या गुंड्याची पांढरी छटा किंचित निळसर असू शकते आणि वेष्टणावर रंगाच्या घाण्याचा (एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा) क्रमांक छापलेला नसल्याने ती आधी जुळवून पाहता येत नाही. मागणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोंदवलेली बरी, म्हणजे विणायला, ताणायला आणि पूर्ण वाळू द्यायला पुरेसा वेळ हाताशी राहतो.