डीएनए जोडणीचा संच: लायगेज चोख, घात करतं ते बफर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत टीवायच्या प्रॅक्टिकलला मागवतात तो हा संच: हिंडथ्री या कापणाऱ्या एन्झाइमने तोडलेला लॅम्डा विषाणूचा डीएनए, तुकडे जोडणारं टी४ लायगेज हे एन्झाइम, त्याला लागणारं दहापट तीव्र बफर, तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलसाठी अ‍ॅगरोज, नमुना जेलवर भरताना मिसळायचा लोडिंग डाय.

लायगेजबद्दल तक्रार नाही. ते निम्म्या ग्लिसरॉलमध्ये असल्याने उणे २० ला गोठतच नाही. पावसात तासभर लाइट गेली तरी टिकतं. बफरचं तसं नाही. प्रत्येक वितळण्या-गोठण्यात त्यातला ऊर्जा पुरवणारा एटीपी थोडा वाया जातो, आणि एटीपीवाचून हे लायगेज एकही सांधा जोडत नाही. कोल्हापूरहून आंबा घाटातून येताना पार्सलमधला बर्फ संपला, की वितळण्याची पहिली फेरी तिथेच झाली. तरीही सगळं बफर एकाच कुपीत दिलंय, हा संचाचा खरा दोष. आल्या आल्या १०-१० मायक्रोलिटरचे वाटे करा आणि वितळलेला वाटा परत गोठवू नका. पांढरा साका दिसला तर तो बफरमधल्या डीटीटी या रसायनाचा. मुठीत धरून हलवला की विरघळतो.

मिश्रण २० मायक्रोलिटरचं: डीएनए १०, पाणी ७, बफर २, लायगेज सगळ्यात शेवटी १. तुलनेसाठी दुसऱ्या नळीत लायगेजऐवजी पाणी. पुस्तिकेतलं 'रूम टेंपरेचर' मे महिन्यातल्या मालवणला लागू नाही. हिंडथ्रीने कापून उरलेली चिकट टोकं जेमतेम चार बेसची (डीएनएच्या चार अक्षरांची), उकाड्यात एकमेकांना धरून राहत नाहीत. थर्मासमध्ये बर्फ घालून पाणी १६ अंशांवर आणा, दोन तास ठेवा.

जेलआधी ६५ अंशांला १० मिनिटं आणि लगेच बर्फात. पुस्तिकेत ही पायरीच नाही! ती गाळली तर लॅम्डाची मूळचीच असलेली १२ बेसची टोकं आपसूक चिकटतात, २३ आणि ४.४ हजार बेसचे तुकडे एकत्र धावतात, आणि लायगेज नसलेल्या नळीतही जोडणी झाल्यासारखं वाटतं. ०.८ टक्के जेलवर त्या नळीत सहा पट्टे सुटे दिसायला हवेत. ५६४ बेसचा सातवा बहुधा फिकाच. जोडलेल्या नळीत खालचे पट्टे विरळ होऊन माल वर सरकतो.

पुस्तिका म्हणते, 'पेशी तुटलेला डीएनए असाच दुरुस्त करते.' हे फारच सोपं केलंय. किरणोत्सर्गाने तुटलेली टोकं अशी स्वच्छ नसतात. माणसाच्या पेशीत आधी केयू७०/८० ही प्रथिनं टोकं पकडतात, आर्टेमिस हे एन्झाइम ती छाटतं, पॉलिमरेज हे एन्झाइम भर घालतं आणि मग लायगेज ४ हे एक्सआरसीसी४ या साथीदार प्रथिनासोबत सांधा जोडतं. छाटण्यात चार बेस गेले तर गेलेच. पेशीत डीएनएची दुसरी प्रत तयार असेल तर तिच्यावरून नक्कल करून बिनचूक दुरुस्तीही होते. संचात दिसते ती फक्त शेवटची पायरी.